भोंगा बंद पडल्यानंतर : सोलापूरच्या कष्टकरी म्हातारपणाचा इतिहास

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सकाळची पाळी सुरू होते तेव्हा यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. टॉवेल आणि चादरी विणणारे कारखाने, सायझिंगची गोदामे, रंगाच्या पाण्याने भरलेली गटारे आणि दर दुसऱ्या फाटकापाशी स्टुलावर बसलेला एक म्हातारा. अंगात दुसऱ्या कुणासाठी शिवलेला खाकी सदरा, हातात काठी, शेजारी पाण्याची बाटली. हा कारखान्याचा पहारेकरी. त्याला विचारावे, काका, आधी कुठे होता? दहांतले बरेच जण एकच उत्तर देतात, "मिलमध्ये होतो की."

माझे थोरले चुलते असेच एका फाटकावर बसत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. १९६२ साली ते सोलापुरातल्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडल्यावर त्यांनी अक्कलकोट रोडला गाठोडी उचलली आणि पाठ चालेना तेव्हा पहारेकऱ्याचे स्टूल धरले. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तरीही पहिल्या पाळीच्या वेळी त्यांना जाग येते. उठतात, तोंड धुतात, टोपी घालतात आणि दारात येऊन उभे राहतात. मग कुठे जायचे नाही हे ध्यानात येते, आणि उंबऱ्यावरच बसतात. दिवसभर बसतात. जेवण पुढे ठेवले तर दोन घास खातात. काय होते म्हणून विचारले तर म्हणतात, "काय नाय बाळ, करमत नाही."

या 'करमत नाही'चा इतिहास मला लिहायचा आहे. इतिहासाचा याच्याशी काय संबंध, हा तर डॉक्टरांचा विषय, असे कुणी म्हणेल. मीही बराच काळ तसेच समजत होतो. पण माणूस म्हातारा एकटाच होतो, तरी त्याचे म्हातारपण कसे असावे हे समाज आधीच ठरवून ठेवतो. जातीच्या समाजात तर ते त्याच्या जन्माआधीच ठरलेले असते.

एक

सोलापूरच्या इतिहासाची सुरुवात आपण सहसा १९३० पासून करतो. मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्यापाशी शहराची मान ताठ होते, आणि ती व्हावीच. पण हुतात्म्यांना म्हातारपण मिळाले नाही. ज्या हजारो कामगारांना ते मिळाले, त्यांच्यासाठी या शहरात एकही चौक नाही.

त्यांचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा जिल्हा होरपळला आणि त्याच वर्षांत येथे पहिली मोठी कापडगिरणी उभी राहिली. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी हे तिचे नाव. लोकांच्या तोंडी 'जुनी मिल'. गावाने ज्यांना जमीन दिली नव्हती, वतन म्हणून केवळ राबणूक दिली होती, त्यांच्यासाठी शहर हे सुटकेचे नाव होते. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या पुढे आल्या आणि भोंग्याने सबंध शहराचे घड्याळ ताब्यात घेतले. पोरे भोंग्यावर उठत, बायका भोंग्यावर चूल पेटवत. येसकराची काठी सुटली आणि भोंगा आला. आमच्या आज्याला हा बदल स्वातंत्र्यासारखा वाटला असेल, तर त्याला हसू नये. भोंगा निदान सगळ्यांसाठी एकच वाजत होता.

पण फाटकाच्या आत जात होती. कापडखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त. आणि तेथेच अस्पृश्यांना मज्जाव. कारण असे सांगत की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराने तोंडाला कसा लावावा? यंत्र विलायतेचे, भांडवल शेठजीचे, आणि विटाळ मात्र आपला जुनाच. मुंबईच्या गिरण्यांतली ही रीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चव्हाट्यावर मांडली. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी कामगार पुढाऱ्यांना विचारले, कामगारांची एकजूट म्हणता, तर अस्पृश्य कामगाराला कापडखाते खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून दाखवले. त्या भाषणामागे हा धोट्याचा अनुभव उभा होता.

आमच्या घरी ही गोष्ट पुस्तकातून आली नाही. आजा साफसफाईच्या खात्यात मेला. आबा सूतखात्यात लागले. कायद्याने तोवर बंदी उठली होती, पण जॉबर ज्याला शिकवील तोच विणकर होणार, आणि जॉबर आपल्या भावकीतले पोर शिकवणार. आबा म्हणतात, "आमाला माग लांबून बघायला मिळायचा."

याचा म्हातारपणाशी संबंध सरळ आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. कमी पगाराच्या खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधी कमी साठतो. त्याचे घर शेवटपर्यंत भाड्याचे राहते. पोरे लवकर कामाला लागतात, म्हणजे त्यांचे शिक्षण तुटते, म्हणजे म्हातारपणी आधार देणारा हातही मजुरीचाच राहतो. पंचविसाव्या वर्षी नाकारलेला माग पंचाहत्तराव्या वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर वसूल होतो.

दोन

सोलापूरच्या कामगार इतिहासाचे आणखी एक पान तारेच्या कुंपणामागे आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींना येथे सेटलमेंटमध्ये कोंडले होते. हजेरी देऊन बाहेर पडायचे, गिरणीत राबायचे, पुन्हा हजेरी देऊन आत यायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. तारा तुटल्या, पण ज्याला जन्मभर हजेरीनेच 'आहेस' म्हणून मान्यता दिली, त्याला हजेरी संपल्यावर आपण आहोत हे कुणी सांगायचे? सेटलमेंटच्या बाजूची काही म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. संध्याकाळ झाली की ती बेचैन होत. आम्ही पोरे हसत असू. ते हसू आज मला टोचते.

आणि जुन्या मिलचे काय झाले? २७ ऑगस्ट १९४९ रोजी मालकांनी ती बंद केली. हजारो माणसे रस्त्यावर आली. सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून मिल आपल्या ताब्यात घेतली. नंतर संसदेने तसा कायदा केला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा १९५० चा खटला वकिलीचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. दुसऱ्या भागधारकाचा खटला डिसेंबर १९५३ मध्ये निकाली निघाला. मिलचा असा ताबा घेणे म्हणजे भरपाईविना मालमत्ता हिरावणे होय, असे न्यायालयाने ठरवले. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती झाली.

पाहा, केवढा मोठा इतिहास! आमच्या सोलापूरच्या एका गिरणीने देशाच्या घटनेला दुरुस्ती करायला लावली. पण या सबंध वादाच्या मध्यभागी कोण आहे? भागधारक आणि त्याची मालमत्ता. कामगार कुठे आहे? वटहुकुमाच्या प्रस्तावनेत, 'बेकारी' या एका शब्दात. भागधारकाला मूलभूत हक्क होता. तीस वर्षे साच्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा त्या साच्यावर काय हक्क, हा प्रश्न न्यायालयापुढे गेलाच नाही, कारण तो विचारायला त्याच्याजवळ कागद नव्हता. त्याची मालमत्ता म्हणजे त्याचे हात, त्याची सवय आणि भोंग्याबरोबर बांधलेला दिवस. ती हिरावली गेली तर भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

एकविसावे शतक उजाडले तोवर या गिरण्यांतल्या बहुतेकींना कुलूप लागले होते. मुंबईच्या १९८२ च्या संपावर पुस्तके झाली, नाटक-सिनेमे झाले. सोलापूरच्या गिरण्या मात्र एकेक करून, फारसा आवाज न करता विझल्या. एके दिवशी भोंगा वाजला नाही. तरुणांनी दुसरी वाट धरली. पन्नाशीतल्या माणसाने कुठे जायचे?

तीन

तो अक्कलकोट रोडला गेला. कुणी आधीपासून पूर्वभागातल्या यंत्रमागांवर होता, कुणी आता आला. येथे माग सर्वांना खुला होता. धोट्याचा विटाळ तोवर यंत्रानेच पुसून टाकला होता. पण ज्या दिवशी माग आपल्या हाती आला, त्या दिवशी मागाला पगार राहिला नव्हता. जितके विणाल तितके दाम. बारा तासांची पाळी. लग्नाकार्याला मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मालक बदलायचा नाही. अनेक ठिकाणी हजेरीचे पुस्तकच नव्हते, मग भविष्यनिर्वाह निधी कुठून येणार? मोठी गिरणी निदान फाटकावर युनियनचा फलक लावू देत असे. येथे दहा-वीस मागांच्या छपराखाली मालक आणि कामगार दोघेही घामाघूम. कुणाविरुद्ध उभे राहायचे हेच कळेना.

काही कारखान्यांत माणसे कामाच्या जागीच राहतात. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यांत कामगार होते, मालकाचे कुटुंबही होते, लहान मूलही होते. आगीला मालक-मजूर कळत नाही. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आबांनी दिवसभरात एकच वाक्य उच्चारले, "रातपाळीला मीबी आतच झोपायचो."

बायकांची कथा आणखी वेगळी. सोलापूरची बाई बिडी वळते. पान भिजवणे, कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे. हजार बिड्यांवर मजुरी, आणि त्यांतल्या बाद ठरवलेल्या बिड्यांचे पैसे कापून. बिडी कामगारांचा कायदा १९६६ चा. याच अक्कलकोट रस्त्यावर पुढे कुंभारीला त्यांनी संघर्ष करून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. या लढ्याला सलाम केलाच पाहिजे. पण बाईला निवृत्ती नसते. गिरणी कामगाराचे म्हातारपण उंबऱ्यावर बसलेले दिसते. तिचे दिसत नाही, कारण तिच्या मांडीवरचे सूप सत्तरीतही सुटत नाही. तिला काय होते म्हणून विचारले तर ती सांगते, डोके दुखते, पाठ धरते, झोप लागत नाही, छातीत धडधडते. मन दुखते असे ती म्हणत नाही. मनाला आजारपण परवडते हे तिला कधी कुणी सांगितलेलेच नाही.

चार

आता डॉक्टरांच्या भाषेकडे वळू. नैराश्य हा आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही त्याची लक्षणे. म्हातारपणी तो बहुधा अंगदुखीचे, विसराळूपणाचे, चिडचिडीचे सोंग घेऊन येतो. म्हणून घरच्यांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही तो ओळखू येत नाही. थायरॉइडचा दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, जुनी दुखणी हेही तपासावे लागते. आणि मुख्य म्हणजे तो बरा होऊ शकतो, साठीनंतरही, सत्तरीनंतरही.

२०१७-१८ साली देशभर वयस्कांची मोठी पाहणी झाली. तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. साठीवरच्या लोकांत शंभरांतल्या सुमारे आठ जणांत नैराश्याची लक्षणे सापडली. पण आपल्याला डॉक्टरांनी हा आजार सांगितला आहे, असे म्हणणारे शंभरांत एकही भरत नव्हते. म्हणजे दहा आजाऱ्यांमागे नऊ जणांच्या आजाराला नावच नाही. हे नऊ जण कोणत्या वस्तीत राहत असतील, हे ओळखायला वेगळी पाहणी लागत नाही.

कामगाराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे कापसाची धूळ. ती वर्षानुवर्षे छातीत बसते आणि सुट्टीनंतर कामावर जाण्याच्या पहिल्या दिवशी दम अधिक लागतो. कायद्याच्या परिशिष्टात या रोगाची नोंद आहे. दुसरी म्हणजे मागांचा आवाज. तो कान खातो, आणि ही बधिरताही त्या यादीत आहे. पण यादीत नाव असणे वेगळे आणि भरपाई मिळणे वेगळे. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो. लोक त्याच्याशी बोलणे सोडतात. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू लागतात. ऐकू न येण्याने नैराश्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. आबा सांगतात, "मशीन बंद झाली, पण माझ्या कानात चालूच हाय."

मी त्यांना एका दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, वय झाले आता. ताकदीची गोळी लिहून दिली. मीही घरी येऊन म्हणालो, "आबा, आता आराम करा." जन्मभर श्रमाने स्वतःला ओळखलेल्या माणसाला मी आराम सुनावला. तो त्याला शिक्षेसारखा लागला असेल, हे मला फार उशिरा समजले. पुढे दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईने खुर्ची जवळ ओढली, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि विचारले, "मिलमध्ये कोणत्या खात्यात होता?" आबा पाऊण तास बोलले. औषध तिनेही दिले, आणि ते लागू पडू लागले आहे; पण उपचार त्या प्रश्नापासून सुरू झाला होता.

पाच

पैशाचा हिशेबही मांडू, कारण नैराश्याला पोटही असते. कामगारांची निवृत्तिवेतन योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये आली. ज्यांच्या गिरण्या त्याच सुमारास विझल्या, त्यांच्या वाट्याला जे पडले ते इतके अल्प होते की २०१४ साली सरकारला किमान एक हजार रुपये ठरवावे लागले. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली दीड हजार झाले. महिन्याला एवढ्या पैशांत रक्तदाबाच्या गोळ्या बसवाव्यात, की नातवाच्या हातावर ठेवायचे दहा रुपये? हे दहा रुपये लहान समजू नका. ते देता येत नाहीत त्या दिवशी म्हातारा माणूस घरातला पाहुणा होतो.

परंतु सर्व दोष सरकारवर आणि भांडवलावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या चळवळीने म्हाताऱ्यांना काय दिले? सोलापूर ही बाबासाहेबांच्या कामाची जुनी भूमी. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली येथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. स्वतंत्र मजूर पक्षाचा दिवा येथे तेवला. ज्यांनी पक्षाची वर्गणी गोळा केली, रात्रशाळा चालवल्या, १९५६ नंतर घरातले देव विसर्जित करून भावकीचा रोष पत्करला, ती पिढी बहुतेक संपली. तिच्या मागची, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सभेला पायी येणारी पिढी आज उंबऱ्यावर बसली आहे. १४ एप्रिलला आपण तिच्या खांद्यावर शाल टाकतो. १५ एप्रिलला तिच्याशी कोण बोलते?

आपली भाषा लढ्याची आहे, मूठ आवळण्याची आहे. ती असलीच पाहिजे. तिच्यावाचून आपण माणसांत आलो नसतो. पण त्या भाषेत 'मला एकटे वाटते' हे वाक्य बोलायला जागा आपण ठेवली नाही. लढवय्याने खचू नये, असे आपण शिकवले. मग खचलेला लढवय्या तोंड लपवून बसला. भगवान बुद्धांनी म्हातारपण पाहिले आणि घर सोडले, ही कथा आपण पोरांना सांगतो. ऐंशीव्या वर्षी आपले शरीर जुन्या, बांधून-जुंपून चालवलेल्या गाड्यासारखे झाले आहे, असे त्यांनी आनंदाला मोकळेपणी सांगितले, तीही गोष्ट सांगायला हवी. थकलो आहे असे म्हणण्यात पराभव नसतो. ते ऐकायला शेजारी आनंद असावा लागतो.

मीही आता साठी ओलांडली आहे. शाळेची घंटा माझ्याही कानात वाजते. म्हणून हे लिहिणे निव्वळ दुसऱ्यासाठी नाही.

मागण्या साध्या आहेत. कामगार वस्तीतल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात साठीवरच्यांचे कान आणि मन तपासले जावे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरवला आहे, तर तो हक्क वस्तीपर्यंत यावा. १४४१६ हा सरकारचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक घरोघरी लिहिलेला असावा. हजेरीच्या पुस्तकाविना राबलेल्यांना निवृत्तिवेतन मिळावे. आणि विहारात, वाचनालयात आठवड्यातून एक दुपार तरुणांनी वही घेऊन बसावे. प्रश्न एकच विचारावा: आपण कोणत्या खात्यात होता? जे सांगतील ते लिहून घ्यावे. सोलापूरचा खरा इतिहास अजून त्या माणसांच्या तोंडात आहे, आणि तो सांगताना ती माणसे पुन्हा ताठ बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या आठवड्यात आबा पहाटे उठले, टोपी घातली आणि दारात आले. मी आधीच बाहेर वही घेऊन बसलो होतो. म्हणालो, "बसा आबा. हजेरी लागली तुमची." ते माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग उंबऱ्यावर न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "लिव्ह. पैल्या दिशी जॉबरनं मला नाव इचारलं नव्हतं. जात इचारली होती."